लहान शाळांचा संघ मोडू नका, खेळ लहान करा

रानवाट
अमेरिकेच्या दुर्गम भागात हायस्कूलची पटसंख्या घटली की शेजारच्या दोन-तीन शाळा मिळून एकच संघ उतरवतात. को-ऑप म्हणतात त्याला. खेळाडू पुरतात, खर्च वाटला जातो, म्हणून बहुतेकांना हा मार्ग पटतो. मला पटत नाही.

दुसरा मार्ग नव्वद वर्षांपासून समोर आहे. मंदीच्या काळात नेब्रास्कातल्या लहान शाळांना अमेरिकन फुटबॉलसाठी (चेंडू हातात घेऊन पळायचा तो) अकरा मुलं मिळेनात, तेव्हा स्टीफन एपलर या शिक्षकाने सहा जणांचं फुटबॉल तयार केलं. पहिला सामना १९३४ साली हेब्रन गावी झाला. मैदान ८० यार्ड लांब, ४० यार्ड रुंद. चेंडू आपल्याकडेच ठेवायचा तर तो १० ऐवजी १५ यार्ड पुढे न्यावा लागतो आणि सहाही जणांना पास झेलता येतो. टेक्सास, मोंटानात हा खेळ आजही जोरात चालतो. शंभरएक मुलांच्या शाळेत संघासाठी सगळ्यांचीच गरज पडते. बुजरा, जाडा, उशिरा उंची वाढलेला, सगळ्यांना मैदानात उतरावं लागतं. तोच मुलगा संयुक्त संघात चार वर्षं बाकावर बसून काढतो.

शिट्टी
रानवाट, मी प्रशिक्षक आहे, मला हे चित्र इतकं गोड दिसत नाही. ते सहा जण कोण असतात? चौदा वर्षांचा नववीतला मुलगा समोरच्या अठरा वर्षांच्या दांडग्याला अडवायला उभा असतो. राखीव कोणी नाही. घोटा मुरगळला तरी मुलगा तोंड उघडत नाही, कारण आपण बसलो तर सामना सोडावा लागेल हे त्याला माहीत असतं. डोक्याला मार बसलेला मुलगाही असाच गप्प राहतो, आणि त्याची मला खरी भीती वाटते.

बास्केटबॉलचं बघा. हायस्कूलच्या नियमाप्रमाणे सुरुवातीला पाच जण लागतात, पण राखीव नसतील तर पुढे चौघांनी, तिघांनीही खेळायचं. पाचवा फाऊल झाला की खेळाडू बाहेर. मग उरलेले चौघे चौकोन करून बास्केटखाली उभे राहतात. लोक टाळ्या वाजवतात. पण त्या चौघांपैकी ज्याच्या नावावर चार फाऊल आहेत, तो बचाव करायचंच सोडून देतो, हात मागे घेऊन नुसता उभा राहतो. आणि सराव? पाच जणांत पाच विरुद्ध पाच होतच नाही. खुर्च्या मांडायच्या, एखाद्या शिक्षकाला हाक मारायची, स्वतः मध्ये उभं राहायचं. यातून मुलांना खेळ कितीसा शिकवणार?

मधलीसुट्टी
शिट्टी, तुमचा मुद्दा पटतो, पण संयुक्त संघाच्या बसबद्दल कोणीच बोलत नाही. सराव नेहमी मोठ्या शाळेत. लहान शाळेतली मुलं शेवटचा तास सोडून निघतात आणि अंधारात घरी पोचतात. ज्याच्याकडे गाडी नाही, ज्याला घरी धाकटी भावंडं सांभाळायची असतात, तो पहिल्या महिन्यातच गळतो. नाव दोन शाळांचं, मुलं एकीचीच.

प्रवास मुलांना जड जातो असं नाही. अलास्कात संघ छोट्या विमानाने, फेरीबोटीने सामन्याला जातात आणि यजमान शाळेच्या वर्गात अंथरूण टाकून झोपतात. तिथे लहान शाळांसाठी तीन मुलं, तीन मुली असा मिश्र व्हॉलीबॉलही आहे. स्वतःच्या शाळेचा संघ असला की मुलं हे सगळं आनंदाने करतात. रोजच्या सरावासाठी दुसऱ्याच्या दारी जाणं वेगळं.

पायवाट७
मिश्र संघ चांगला, पण तो मुलींना वेगळा संघ न देण्याची सबब होता कामा नये. शिक्षणात मुलगा-मुलगी भेदाला बंदी घालणाऱ्या १९७२ च्या टायटल नाइन कायद्यानंतर अमेरिकेतल्या मुलींना मैदान मिळालं. लहान शाळेत मुलं कमी पडली की मुलांचा संघ कसाबसा उभा राहतो, मुलींचा मात्र सगळ्यांत आधी बंद होतो. शेजारच्या शाळेसोबत जाऊन जर बारा मुली खेळणार असतील, तर माझं मत संयुक्त संघालाच.

जुना प्रेक्षक
तुम्ही सगळे मायलन विसरलात. १९५४ साली इंडियानात १६१ विद्यार्थ्यांच्या मायलन हायस्कूलने बॉबी प्लम्पच्या शेवटच्या बास्केटवर मन्सी सेंट्रलला ३२-३० ने हरवून राज्याचं अजिंक्यपद घेतलं. तेव्हा सगळ्या शाळा एकाच स्पर्धेत असत. १९९७ मध्ये पटसंख्येनुसार चार गट केले आणि ती मजा गेली. केंटकीत बास्केटबॉलची एकच खुली स्पर्धा अजून चालते. लहानांना वेगळा खेळ, वेगळा गट देत राहिलात तर मोठ्यांना हरवायची संधी त्यांना कधी मिळणार?

रानवाट
जुना प्रेक्षक, मायलनचं कौतुक मलाही आहे. पण इंडियानात १९११ पासून १९९७ पर्यंत खुली स्पर्धा होती आणि आपण सगळे नाव घेतो ते एकाच लहान शाळेचं. उरलेल्या शेकडो शाळा दर वर्षी पहिल्या-दुसऱ्या फेरीत मार खाऊन परतल्या. त्यांच्या मुलांना बरोबरीचा सामना मिळायला नको का?

पायवाट, मुलींच्या बाबतीत तुमच्याशी भांडण नाही. दुसरा कुठलाच संघ उभा राहत नसेल तिथे जरूर एकत्र या.

शिट्टी, दुखापतीचा मुद्दा सगळ्यांत वजनदार आहे. त्यासाठी संघ मोडण्यापेक्षा नियम बदला. दुखापतीमुळे सामना सोडला तर तो पराभव धरू नका, तारीख बदलून द्या. सहा जणांच्या फुटबॉलमध्ये ४५ गुणांची आघाडी झाली की मध्यंतराला किंवा त्यानंतर खेळ थांबतोच. म्हणजे मुलांचे हाल होऊ नयेत म्हणून नियम लवचीक ठेवता येतात.

शिट्टी
तारीख बदलून कोणती देणार? तीनशे किलोमीटरवरून आलेला संघ, एकच बस, चालवायला मीच, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझाच तास. कागदावर नियम बदलता येईल, पण वेळापत्रकात मोकळा शनिवार नसतो. अशा वेळी गुडघा सुजलेला मुलगा "सर, मी खेळतो" म्हणाला की नाही म्हणायला बाकावर दुसरा मुलगा लागतो. तो मला संयुक्त संघातच मिळतो, म्हणून मी त्याच बाजूने राहीन.