शब्दचर्चा: समुद्रकाकडीच्या कातडीतले 'ते' तुकडे

वाटसरू: ज्युरासिक खडकांतल्या सूक्ष्म जीवाश्मांवरचा मजकूर मराठीत लिहितोय. समुद्रकाकडी या मऊ अंगाच्या समुद्री प्राण्याच्या कातडीत चुन्याचे बारीक तुकडे विखुरलेले असतात, ते स्क्लेराइट. एकीकडे 'अस्थिका' वाचलं, दुसरीकडे 'कंटिका'. कुठला शब्द घ्यावा?

चुनखडी: 'अस्थिका' नकोच. हाड फॉस्फेटचं, हे निव्वळ कॅल्साइट, म्हणजे चुनखडकाचंच खनिज. चुनखडकातून कोनोडोंट (फॉस्फेटचे दातांसारखे सूक्ष्म जीवाश्म) काढायला खडक ॲसेटिक आम्लात विरघळवतात. तीच तऱ्हा इथे केलीत तर स्क्लेराइटही विरघळतील, हाती शून्य! मऊ चुनमाती पाण्यात भिजवायची, बारीक चाळणीतून धुवायची, गाळ वाळवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या ब्रशच्या टोकाने एकेक तुकडा वेचायचा. बहुतेक तुकडे मिलिमीटरभरही नसतात.

आजोळ: 'कंटिका' स्पंजांकडे रूढ आहे, तिथेच राहू द्या. इथे काट्यासारखं फार थोडं. गळ आहेत, नांगर आहेत, भोकाभोकांच्या चकत्या आहेत. 'थीलिया' नावाचं चाक तर बघाच: मध्ये तुंबा, भोवती आरे, बाहेर धाव. शब्द बैलगाडीतून आयते मिळतात. आणि प्रत्येक तुकडा म्हणजे एकच स्फटिक, त्यामुळे ध्रुवित प्रकाशात फिरवला की अख्खं चाक एकदम काळं पडतं.

वाटसरू: वा. मग 'अकिस्ट्रम ही समुद्रकाकडीची एक प्रजाती' असं लिहू ना?

चुनखडी: थांबा, अकिस्ट्रम हे गळाचं नाव आहे, प्राण्याचं नव्हे. एकाच समुद्रकाकडीच्या अंगात दोन-तीन आकारांचे स्क्लेराइट सापडतात. ती मेली की कातडी कुजते, तुकडे गाळात पांगतात, मग कुठला कुणाचा ते कोण सांगणार? म्हणून आकारांनाच नावं दिली. फ्रिझेल आणि एक्सलाइन या जीवाश्मतज्ज्ञांनी 1955 साली या आकारांचं मोठं वर्गीकरण केलं, तेही याच पायावर. तुम्ही 'रूपप्रजाती' लिहा, म्हणजे नुसत्या आकारावरून ठरवलेली प्रजाती. कच्छच्या ज्युरासिक थरांतल्या नोंदींनाही हेच लागू.

आजोळ: सहमत. मूळ संज्ञा 'स्क्लेराइट'च ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे 'कातडीतले चुनकण' असा खुलासा द्या. आकारांना मात्र मराठी नावं हवीत. 'अँकर' लिहिलंत तर भांडेन, कोकणात नांगर पाण्यातच टाकतात.

वाटसरू: ठरलं. आता लिंग सांगा: तो स्क्लेराइट की ते?

चुनखडी: मी तो म्हणतो. तो ग्रॅनाइट, तो बेसाल्ट, तसा तो स्क्लेराइट.

आजोळ: ते खडक झाले! खनिज म्हणून 'ते कॅल्साइट' म्हणता ना?