गाडीत पाणी शिरलंय, क्लेम टाकू की खिशातून करू?

रानजाई:
परवा रात्रीच्या पावसात बिल्डिंगच्या बेसमेंट पार्किंगमध्ये पाणी भरलं आणि गाडी सीटच्या गादीपर्यंत बुडाली. सकाळी पाणी ओसरल्यावर दार उघडलं तर आतून गढूळ पाणी भसकन पायावर आलं, कार्पेटवर बोटभर चिखल. पेट्रोल हॅचबॅक, १२०० सीसीच्या आतली, साडेतीन वर्षांची. चावी अजून फिरवलेली नाही. विमा पॉलिसी कॉम्प्रिहेन्सिव्ह आहे, म्हणजे स्वतःच्या गाडीचं नुकसानही त्यात येतं, पण झिरो डेप (पार्ट जुने म्हणून पैसे न कापणारं जादा कव्हर) नाही, इंजिन प्रोटेक्टही (इंजिनच्या नुकसानीचं जादा कव्हर) नाही, गेल्या रिन्यूअलला प्रीमियम कमी व्हावा म्हणून मीच काढले. एनसीबी, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सवलत, ३५ टक्के. सर्व्हिस सेंटरवाले फोनवर म्हणाले ४५-५० हजार धरून चला. माझ्याकडून १५ हजारांच्या वर होणार नाही, मुलाची फी याच महिन्यात भरलीय. एनसीबी जाईल म्हणून क्लेम करू नको असं भाऊ म्हणतोय. काय करू?

घाटवाट:
ताई, आधी एक गोष्ट, चावी अजिबात फिरवू नका, कुणी "बघू तरी चालू होते का" म्हणालं तरी नाही. मी हेच केलं होतं. खट्ट असा एकच आवाज आला आणि गाडी गप्प. सिलिंडरमध्ये पाणी होतं, पाणी दाबलं जात नाही, पिस्टन वर आला आणि कनेक्टिंग रॉड वाकला. विमा कंपनीने सीट-कार्पेटचे पैसे दिले पण इंजिनचे नाही, म्हणाले पुराने झालेलं नुकसान मान्य, इंजिन तुमच्या स्टार्टने गेलं. ८० हजार घरातून घातले, अजून राग जात नाही.

डांबरीरस्ता:
मी दरवर्षी झिरो डेप, इंजिन प्रोटेक्ट, कन्झ्युमेबल्स (तेल-ग्रीसचं कव्हर) सगळं घेतो, लोक म्हणतात पैसे वाया, पण मागच्या वर्षी बंपर आणि हेडलाइट गेला तेव्हा फक्त १००० रुपये भरून बाहेर आलो. माझं स्पष्ट मत, पाण्यात गेलेली गाडी ठेवूच नका, विका आणि नवी घ्या. वायरिंगचे प्रॉब्लेम सहा महिन्यांनी सुरू होतात. आणि हो, चावी फिरवू नका.

रानजाई:
दादा, नवी गाडी कुठून घेऊ, १५ हजार म्हटलंय मी.

कोपऱ्यातलं_गॅरेज:
मी अकरा वर्षं एस्टिमेट बनवतोय म्हणून लिहितो. बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवा. धुण्याआधी फोटो काढा, आतला चिखल, भिंतीवरची पाण्याची रेघ, नंबर प्लेट, मीटरवरचं किलोमीटर दिसत असेल तर तेही. आजच विमा कंपनीला कळवा आणि क्लेम नंबर लिहून घ्या. कंपनीचा सर्व्हेअर येऊन नुकसान बघेपर्यंत एक स्क्रूही खोलू नका. गाडी टो करून न्या, ढकलत नेताना गिअरमध्ये नको.

आता पैसे. तुमच्याकडे झिरो डेप नाही म्हणजे प्लास्टिक, रबर, बॅटरी यांचे ५० टक्के कापले जातात. धातूच्या पार्टचे गाडीच्या वयानुसार, ३ ते ४ वर्षांच्या गाडीला २५ टक्के. काचेला घसारा नाही. मजुरीवरही कापत नाहीत, आणि पाण्याच्या कामात मजुरीच जास्त असते, सीट काढा, कार्पेट काढा, डॅशबोर्ड सोडवा, कनेक्टर एकेक साफ करा. तेल, कूलंट, ग्रीस साध्या पॉलिसीत मिळत नाही. वर कम्पल्सरी डिडक्टिबल, म्हणजे क्लेममध्ये आपण भरायचीच ठरलेली रक्कम, १५०० सीसीपर्यंत १०००, त्यापुढे २०००. सगळं धरून तुमच्या खिशातून साधारण तिसरा हिस्सा जाईल.

मोगरा७:
पण एनसीबीचं काय? ३५ टक्के म्हणजे केवढी रक्कम, प्रीमियम एकदम दुप्पट होतो, माझ्या दिरांचं झालंय.

कोपऱ्यातलं_गॅरेज:
एनसीबी फक्त ओन डॅमेजच्या (आपल्या गाडीच्या नुकसानीच्या) प्रीमियमवर असतो, थर्ड पार्टीवर (दुसऱ्याच्या नुकसानीच्या) नाही. समजा ओन डॅमेज सवलतीआधी ८००० आहे. क्लेम नाही केला तर ताईंना पुढच्या वेळी ४५ टक्के, म्हणजे ३६०० वाचले असते. क्लेम केला तर शून्यावर येतो आणि पुन्हा २०, २५, ३५ अशी चढण. दोन-चार वर्षांचं धरलं तरी २५ हजारांच्या क्लेमपुढे हे काहीच नाही. चार-पाच हजारांच्या ओरखड्याला क्लेम करू नये हे खरं, पण हे ते नव्हे.

मोगरा७:
दिरांचा प्रीमियम दुप्पट झाला होता हे मात्र खरं आहे.

घाटवाट:
वहिनी, त्यांनी दुसरं काही अॅड केलं असेल. असो. ताई, ऑथराइज्ड सर्व्हिस सेंटरलाच द्या, कॅशलेस, म्हणजे विमा कंपनी तिचा हिस्सा थेट त्यांना देते. बाहेर केलं तर आधी अख्खं बिल तुम्ही भरायचं आणि मग कंपनीच्या मागे फिरायचं.

डांबरीरस्ता:
ऑथराइज्डच. आणि टोटल लॉस होतो का बघा, खर्च आयडीव्हीच्या (पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीच्या) ७५ टक्क्यांवर गेला की गाडी कंपनीची आणि आयडीव्ही तुमची. नवीसाठी डाउन पेमेंट होईल.

कोपऱ्यातलं_गॅरेज:
५० हजारांत ७५ टक्के कसे होतील? आणि लोन असेल तर टोटल लॉसचा पैसा आधी बँकेकडे जातो.

सायलीच्या_कळ्या:
माझा क्लेम अडकवला होता, दोन महिने "प्रोसेसमध्ये आहे" एवढंच उत्तर. कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी द्या, एक महिन्यात उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं, फी नाही, वकील लागत नाही, फक्त वर्षाच्या आत जायचं. सर्व्हे रिपोर्टची कॉपी मागा, तो आपला हक्क आहे. मी मागितली नसती तर मला कळलंच नसतं की बॅटरी लिस्टमधूनच उडवलीय.

रानजाई:
सगळ्यांचे खूप आभार, काय झालं ते सांगते. क्लेम केला. सर्व्हेअर आले, त्यांनी पहिल्यांदा ड्रायव्हरचा सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढला, पट्ट्यावर चिखलाची सरळ रेघ होती, तिथे बोट ठेवून फोटो घेतला, म्हणाले पाणी इथपर्यंत. मग एअर फिल्टरचा डबा उघडला. डब्याच्या बुडाशी गाळ, वरचा कागद कोरडा, म्हणजे पाणी इंजिनात गेलं नसावं. माझ्या जिवात जीव आला.

सर्व्हिस सेंटरवाल्यांचं म्हणणं इंजिन खोलावंच लागेल, आणि सर्व्हेअर म्हणाले गरज नसताना खोललं तर पास करणार नाही. तो खर्च माझ्यावर आला असता. म्हणून तुम्ही सगळे नाही म्हणत असतानाही मी गाडी तिथून काढून आमच्या नेहमीच्या मेकॅनिककाकांकडे दिली, कंपनीला आधी ईमेलने कळवून. काकांनी सर्व्हेअरसमोर स्पार्क प्लग काढले, हाताने इंजिन फिरवलं, थेंबही आला नाही. बिल ३८,४०० होईल, सर्व्हेअरचा आकडा २६ हजारांच्या आसपास आहे. काका म्हणाले, तुझे १२ दे, बाकीचे कंपनीचे आले की दे.

घाटवाट:
कंपनीचे यायला उशीर झाला तर?

रानजाई:
तर लोकपालाचा रस्ता सायलीताईंनी सांगितलाच आहे. सध्या गाडीच्या चारही सीट गच्चीवर उन्हात आहेत आणि मुलगा त्यांच्यावर बसून अभ्यास करतोय.