वजनं + डीएचईए = साखर आटोक्यात?

तिरपागडा:
"वजनं उचला, जोडीला डीएचईए घ्या, मेटफॉर्मिन सुटेल" असा एक सल्ला वाचला आणि डोक्यात तिडीक गेली. (मेटफॉर्मिन म्हणजे मधुमेहाचं औषध; डीएचईए म्हणजे शरीर ज्यातून टेस्टोस्टेरॉनसारखी संप्रेरकं बनवतं तो पदार्थ, गोळीत भरलेला.) खाली 'डोस सांगा' म्हणणाऱ्यांची रांग! अहो, स्नायू आकुंचन पावला की इन्शुलिनची वाट न बघता रक्तातली साखर ओढून घेतो. हे काम वजनांचं. 2006 साली न्यू इंग्लंड जर्नल या वैद्यकीय नियतकालिकात वयस्कांवरचा दोन वर्षांचा अभ्यास आला होता. डीएचईएने ना ताकद वाढली, ना इन्शुलिनचं काम सुधारलं. मग गोळीला फुकटचं श्रेय का?

लोखंडप्रेमी:
अर्धंच सांगताय. त्या अभ्यासात व्यायाम होता कुठे? त्याच वर्षी दुसऱ्या एका अभ्यासात वजनांसोबत डीएचईए दिल्यावर वृद्धांचे स्नायू नुसत्या वजनांपेक्षा जास्त वाढले. आणि ऑस्ट्रेलियातला 2021 चा टेस्टोस्टेरॉनचा प्रयोग? आहार-व्यायाम दोन्ही गटांना, तरी दोन वर्षांनी मधुमेहाच्या पातळीवर इंजेक्शनवाले 12 टक्के आणि बाकीचे 21. बोला!

तिरपागडा:
स्नायू वाढले, साखरेचं काय ते सांगा. आणि त्याच प्रयोगात 22 टक्के इंजेक्शनवाल्यांचं हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचा टक्का, 54 च्या वर गेलं, ते बरं गाळलंत.

संध्याराणी:
मधेच बोलते. जड वजनं उचलली की माझी साखर उलट वाढते. डॉक्टर हसले.

लोखंडप्रेमी:
हसायला काय झालं? जोर लावला की ॲड्रेनलिन वाढतं, यकृत साखर सोडतं. तासाभराने मोजा.

पायीपायी:
म्हणून म्हणतो, जेवण झालं की चाला. फुकट आहे.

लोखंडप्रेमी:
आले चालणारे! प्रत्येक धाग्यावर तेच. चालून मांड्या भरतात का? साखर जिरवायला जागा तिथेच लागते.

पायीपायी:
माझे वडील ऐंशीव्या वर्षी चालून ठणठणीत आहेत. तुमच्यासारखं सुया टोचून घेत नाहीत.

लोखंडप्रेमी:
वडिलांना कशाला आणता मधे? मी टेस्टोस्टेरॉन रीतसर डॉक्टरांच्या चिठ्ठीवर घेतो. घरच्या यंत्रावर उपाशीपोटी 128 यायची, आता 104. पुरावा समोर आहे.

संध्याराणी:
माझा प्रश्न राहिलाच. तासाभराने की दोन तासांनी?

नळीतलेरक्त:
संध्याताई, दोन्ही वेळा मोजा, आठवडाभर लिहून ठेवा. इन्शुलिन किंवा साखर खूप उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर रात्री झोपताना पण. व्यायामानंतर कित्येक तासांनीही साखर उतरते. लोखंडराव, तुमचं हिमॅटोक्रिट किती?

लोखंडप्रेमी:
55. का?

नळीतलेरक्त:
रक्त दाट झालं की बोट टोचायची बरीच यंत्रं साखर खरीपेक्षा कमी दाखवतात. शिरेतलं रक्त देऊन प्रयोगशाळेत तपासा. आणि 55 घेऊन इथे वाद काय घालताय, चिठ्ठी देणाऱ्याला आज फोन करा. गुठळी झाली तर साखर राहील बाजूला.

तिरपागडा:
😀 पुरावा समोर आहे म्हणे.

लोखंडप्रेमी:
दात काढू नका. करतो फोन, देतो रक्त. आकडा 104 च निघाला तर इथेच लिहीन. चालणाऱ्यांपुढे मान तुकवणार नाही, ते वेगळं.