एडगर ॲलन पोची 'द टेल-टेल हार्ट': तुम्ही कुठे थबकलात?

१८४३ सालची कथा, जेमतेम पाच-सहा पानांची. भूत नाही, शाप नाही. एक माणूस म्हाताऱ्याचा खून करतो, का तर त्याचा एक डोळा गिधाडासारखा, निळसर, पडदा आलेला. वैर नाही, पैशाचा लोभ नाही. उलट म्हाताऱ्यावर जीव होता म्हणतो. प्रेत खोलीतल्या जमिनीच्या फळ्यांखाली लपवतो, आणि मग त्याला तिथून हृदयाचे ठोके ऐकू यायला लागतात. आणि सांगताना एकच धोशा, मी वेडा नाही. मला त्या समजावून सांगण्याचीच भीती वाटते. तुमचे अनुभव लिहा ना.

*

मी कॉलेजात कथावाचनाला हीच घेतली होती. सरांनी बजावलं होतं, घाई केलीस तर संपलं. सात रात्री हा मध्यरात्री दार उघडतो. नुसतं डोकं आत घालायलाच तासभर लावतो. मग कंदिलाची झडप किंचित सरकवून एक तिरीप त्या डोळ्यावर. वाक्यंही तशीच दबकत चालतात आणि शेवटी इतकी तुटक होतात की वाचणाऱ्याला श्वास पुरत नाही.

*

मी हृदयरोग विभागात इको काढते. फळ्यांखालून येणारे ते ठोके त्याचे स्वतःचेच, असं माझं ठाम मत आहे. माणूस घाबरला की कानात नाडी ऐकू येते, पेशंटही सांगतात, "ताई, कानात ठोके पडतात." पोने लिहिलंय, कापसात गुंडाळलेल्या घड्याळासारखा आवाज. रात्री उशीवर कान दाबून पडा, अगदी तसाच येतो.

*

ताईंना +१. पण भिंतीतल्या किड्यांचा उल्लेख कुणी केला नाही! हा माणूस रात्ररात्र त्यांची टकटक ऐकत बसायचा, असं ओझरतं येतं. लाकूड पोखरणारा तो भुंगेरा जोडीदाराला बोलवायला डोकं लाकडावर आपटतो. आजाऱ्याच्या उशाशी जागणाऱ्यांना ती टकटक ऐकू यायची, म्हणून युरोपात तिचा मरणाशी संबंध जोडला गेला. आमच्या राजापूरच्या घरी माडीच्या वाशाला भुंगा लागलाय. तिथे ही कथा वाचली आणि दिवा चालू ठेवून झोपलो.

*

मला खुनापेक्षा ते कण्हणं छळतं. अंधारात म्हातारा भीतीने कण्हतो आणि हा म्हणतो, हा आवाज मी ओळखतो, मध्यरात्री माझ्याच छातीतून कितीदा निघालाय. त्याला म्हाताऱ्याची कीव येते, आणि मनातून हसूही येतं. वडिलांच्या शेवटच्या आजारपणात मी रात्री त्यांच्या खोलीबाहेर बसायचो. आतलं कण्हणं ऐकून त्यांना काय वाटत असेल ते कळायचं, पण आत जायचं धाडस व्हायचं नाही. त्यानंतर हा परिच्छेद मला एका दमात वाचता आलेला नाही.

*

पहाटे चारला तीन पोलीस येतात. हा त्यांना खुर्च्या देतो आणि स्वतःची खुर्ची बरोब्बर प्रेत पुरलंय तिथे मांडतो. इथे मी पुस्तक मिटलं होतं! पुढे पोलीस गप्पा मारत बसतात. त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं, की हा म्हणतो तसं सगळं ऐकून ते मुद्दाम गप्प होते? मला पहिलं पटतं. दुसरं मानणारं कुणी असेल तर त्यांनी जरूर लिहा.