मदत हवी आहे: ताण काढायला इम्पेलरचा (पंख्याच्या फिरत्या चाकाचा) एकच तुकडा घेतला, कापलेल्या बाजूंना अट कोणती लावू?

नमस्कार मंडळी. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे. साखर कारखान्यांच्या बॉयलरचे आयडी फॅन (धूर ओढून बाहेर टाकणारे पंखे) दुरुस्त करतो, वेळ पडली तर इम्पेलर नवा बांधून देतो. ऑफ सीझन चालू आहे. एका कारखान्याला बॅकप्लेट (ब्लेड जिला वेल्ड होतात ती मागची तबकडी) जाड करून हवी आहे, त्याआधी कॉम्प्युटरवर ताण बघायचाय.

व्यास 1000 मिमी, मागे वळलेली 12 ब्लेड, 1480 आरपीएम. अख्खं मॉडेल बारीक मेशने (बारीक घटकांच्या जाळ्याने) 16 जीबीच्या लॅपटॉपवर चालत नाही (मे महिन्यात तर तो नुसता उघडला तरी भट्टी होते). म्हणून सरळ त्रिज्येवर कापून 30 अंशांचा तुकडा घेतला. सॉफ्टवेअर कॅल्क्युलिक्स.

ओळखीच्या डिझायनरने सांगितलं, "दोन्ही कापांवर फिरण्याच्या दिशेचं सरकणं बंद कर, झालं." तसं केलं तर कापाच्या कडेने लाल पट्टा येतो, ब्लेडच्या वेल्डपेक्षाही जास्त. हा ताण खरा धरायचा का? आणि बोअरमध्ये (शाफ्ट बसतो त्या भोकात) चावीचा गाळा, म्हणजे कीवेची खाच, एकच आहे, त्याचं काय करू? नॅचरल फ्रिक्वेन्सीही (इम्पेलर आपसूक थरथरतो तो वेग) काढायची आहे.

प्रतिसाद 1
पट्टा खोटा आहे. ती अट आरशातल्या सिमेट्रीची. ब्लेड सरळ त्रिज्येवर असती तर चालली असती. तुमची वळलेली आहेत. फिरताना ती बॅकप्लेटला अक्षाभोवती किंचित पिळतात आणि कापलेल्या कडा बाजूला सरकतात. तुम्ही तेच अडवलंत.

कडांना सरकू द्या, फक्त दोन्ही कडा सारख्याच सरकल्या पाहिजेत: त्रिज्येत, फिरण्याच्या दिशेत आणि अक्षाच्या दिशेत. म्हणजे मोजमाप सिलिंड्रिकल अक्षांत, एक्स-वायमध्ये नाही. कॅल्क्युलिक्समध्ये दोन्ही बाजूंच्या सरफेसला टाय (दोन पृष्ठभाग बांधणारी आज्ञा), त्यात सायक्लिक सिमेट्री (तोच तुकडा गोल फिरून पुन्हा पुन्हा येतो अशी), मग सायक्लिक सिमेट्री मॉडेलमध्ये एन=12 (अख्ख्या चाकात असे तुकडे किती) आणि अक्षावरचे दोन बिंदू. बोअर धरलेला ठेवा, नाहीतर तुकडा अक्षाच्या दिशेने पळेल किंवा गरगर फिरेल.

काप सरळ त्रिज्येवर कशाला? वळलेलं ब्लेड मध्येच कापलं जातं. दोन ब्लेडच्या मधून, ब्लेडच्याच वळणाने कापा. दुसरी कड म्हणजे पहिलीच 30 अंश फिरवलेली, एवढं जमलं की काप कसाही वाकडा चालतो. एका कडेचा मेश फिरवून दुसरीवर टाका, नोड (जाळ्याचे बिंदू) जुळतात.

आणि सेंट्रिफ लोडमध्ये (फिरण्याच्या बळाच्या आज्ञेत) ओमेगा (फिरण्याचा वेग) नाही, ओमेगाचा वर्ग जातो. 1480 आरपीएमला 155 रेडियन प्रतिसेकंद, वर्ग साधारण 24,020. इथे 155 टाकून "ताण फारच कमी आला" म्हणणारे पुष्कळ पाहिलेत. एकक मिमी-टन-सेकंद असेल तर स्टीलची घनता 7.85ई-9.

धागाकर्ता
वळणाने कापून टाय लावला, पट्टा गेला. सर्वात जास्त ताण आता ब्लेडच्या वेल्डच्या टोकाशी आहे. पण यावर भरवसा कसा ठेवायचा? अख्खं मॉडेल ताडून बघायला मशीन नाही.

प्रतिसाद 1
60 अंशांचा तुकडा घ्या, दोन ब्लेड, एन=6. आकडे तेच यायला हवेत. तरीही शंका राहिली तर अख्खा इम्पेलर जाड्या शेल मेशने (पत्र्यासारख्या पातळ घटकांच्या) चालवून फक्त कडांचं सरकणं ताडा.

प्रतिसाद 2
चावीच्या गाळ्याने सिमेट्री मोडते. या मॉडेलमधून तो काढून टाका आणि हब (शाफ्टवर बसणारा मधला भाग) वेगळा तपासा. स्वतःचं वजन विसरा: 500 मिमी त्रिज्येवर त्वरण गुरुत्वाच्या बाराशे पटींच्या वर जातं.

फ्रिक्वेन्सीला मात्र एकाच रनवर थांबू नका. 12 ब्लेडना नोडल डायमीटर (कंपनात न हलणाऱ्या व्यासरेषांची संख्या) 0 ते 6; नुसतं 0 चालवलं तर छत्रीसारखे मोड (कंपनाचे आकार) तेवढे दिसतील. 1 ते 5 मध्ये प्रत्येक फ्रिक्वेन्सी जोडीने येते, दुसरी फालतू समजून खोडू नका. आधी फिरण्याचा स्टॅटिक स्टेप, मग पर्टर्बेशन लावून फ्रिक्वेन्सीचा, म्हणजे ताणामुळे वाढलेला कडकपणा धरला जातो.

हे सगळं नव्या इम्पेलरला लागू. बगॅसच्या (उसाच्या चिपाडाच्या) राखेने एकेक ब्लेड वेगवेगळं झिजलेलं, वर बॅलन्सिंगचे तुकडे वेल्ड केलेले, असा जुना इम्पेलर आला तर त्याला अख्खंच मॉडेल लागेल.