चंदगड तहसील आणि बेळगाव डीसी ऑफिस: एकच मेमो दोघांना चालतो काय?

सीमावासी
बेळगावातल्या केंद्र सरकारच्या ऑफिसात आवक-जावकचं टेबल आहे. एका कर्मचाऱ्याच्या जुन्या दाखल्यांची पडताळणी महाराष्ट्रातल्या चंदगडचे तहसीलदार आणि बेळगावचे डीसी (जिल्हाधिकारी), दोघांकडून करून घ्यायची आहे. साहेब म्हणतात, एकच इंग्रजी ऑफिस मेमोरँडम काढा. बरोबर काय ते? उत्तर नाही आलं तर डीओ (अर्धशासकीय पत्र) काढावा काय?

टिपणीवाला
मेमोरँडम नको. तो केंद्राच्या मंत्रालया-खात्यांत आपापसात फिरतो. मजकूर तृतीय पुरुषी, वर 'महोदय' नाही, खाली 'आपला विश्वासू' नाही, नुसती सही आणि हुद्दा. राज्याच्या ऑफिसला पत्रच जातं. 'मला कळविण्याचे निर्देश आहेत' हे शेपूटही लावू नका. ते भारत सरकारच्या वतीनं लिहिताना. ऑफिसप्रमुख स्वतः विचारत असतील तर सरळ 'कृपया पडताळणी करून कळवावे'.

भाषेचं म्हणाल तर १९७६ च्या राजभाषा नियमांत कर्नाटक 'ग' क्षेत्रात, महाराष्ट्र 'ख' मध्ये. म्हणून डीसींना इंग्रजी. चंदगडला हिंदी किंवा इंग्रजी, दोन्ही चालतं, कारण तुमचं ऑफिस 'ग' क्षेत्रातलं. सीमेवरची शिनोळी ओलांडली की पत्राची भाषा बदलू शकते, बघा की!

कडतप्रेमी
डीसी ऑफिसचं उत्तर कन्नडात आलं तर घाबरू नका. 'विषय' तोच. 'उल्लेख' म्हणजे आपला संदर्भ, 'लगत्तु' म्हणजे सोबतची कागदं, 'नेनपोले' म्हणजे स्मरणपत्र, 'कडत' म्हणजे फाइल. 'अरे सरकारी पत्र' बघून हसू नका, 'अरे' म्हणजे अर्ध, अर्धशासकीय ते.

खरी चूक आवक नोंदीत होते. नोंदवहीत नुसता त्यांचा नंबर चढतो. आपला नंबर 'उल्लेख'समोर असतो, तो कुणी बघत नाही. मग उत्तर येऊनही फाइलीला लागत नाही आणि इकडून स्मरणपत्रं चालूच. आकडे कन्नड असले तर ६ आणि ९ नीट बघा, घाईत सारखेच दिसतात.

जावक_खिडकी
वरच्या दोघांशी सहमत. भर एवढीच: एका पत्रात एकच विषय. जन्मदाखला आणि जमिनीचा उतारा एकत्र मागितला की पत्र एका सेक्शनला जातं, दुसरं काम तिथंच मरतं. पत्रात 'बेळगावी (पूर्वीचे बेळगाव)' असं लिहा. नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बदललं, जुन्या दाखल्यांवर जुनंच असणार. तेवढ्यावरून शेरा मारून परत येतं.

स्मरणपत्रात मूळ पत्राचा नंबर-तारीख द्या, आधीच्या स्मरणपत्राचा नव्हे. मूळ पत्राची प्रत आणि स्पीड पोस्टची पावतीही जोडा. नाहीतर 'पत्र मिळाले नाही' हे उत्तर ठरलेलं.

डीओ एवढ्यात नको. तो नावानं जातो, 'प्रिय श्री अमुक' अशी सुरुवात, प्रथम पुरुषी मजकूर. लिहिणारा समोरच्यापेक्षा फार तर एक-दोन पायऱ्या खालचा हवा, म्हणजे डीसींना तुमच्या साहेबांचे साहेब लिहितील. पाठवण्याआधी फोन करून नाव विचारा; बदली झालेली असली तर पाकीट आधीच्यांच्या मागं फिरतं.

सीमावासी
मग दोन पत्रांना दोन वेगळे जावक नंबर घालू काय?

जावक_खिडकी
होय की. एका नंबराला 'अ' आणि 'ब' लावू नका, उत्तर देणारे अक्षर गाळतात.