मदत हवी आहे: विहिरीतला नायट्रेट युरियाचा की सांडपाण्याचा?

नमस्कार मंडळी. जालना जिल्ह्यात आमची पन्नास फुटी विहीर आहे, काळ्या पाषाणातली. पाणी तपासलं तर नायट्रेट लिटरला ९२ मिलिग्रॅम निघाला. पिण्याच्या पाण्याची मर्यादा ४५ आहे. घरात चार महिन्यांचं बाळ आहे, त्यामुळे त्याच्यासाठी पाणी बाहेरून आणतोय. (उकळून उपयोग नाही, उलट नायट्रेट आटून वाढतो.)

विहिरीपासून वीस पावलांवर शोषखड्डा, वरच्या अंगाला उकिरडा आणि पलीकडे मोसंबीची बाग, तिथे युरिया पडतो. दोष कुणाचा, यावरून भावकीत रोज वाद. मला भांडण नको, उत्तर हवंय.

वाचलं की नायट्रेटमधल्या नायट्रोजन-१५ च्या (नायट्रोजनच्या जड प्रकाराच्या) प्रमाणावरून उगम ओळखता येतो. हे प्रमाण हवेतल्या नायट्रोजनच्या तुलनेत दर हजारी मोजतात; रासायनिक खताचं मूल्य शून्याच्या आसपास असतं, शेणखत-सांडपाण्याचं साधारण दहाच्या पुढे. पण पाण्यातले जिवाणू नायट्रेट फोडू लागले की उरलेल्यात जड नायट्रोजन वाढतो आणि खतसुद्धा सांडपाण्यासारखं दिसू शकतं. म्हणून नायट्रेटमधला ऑक्सिजन-१८ (ऑक्सिजनचा जड प्रकार) सोबत मोजतात. आमच्याकडे शेणखत आणि सांडपाणी दोन्ही आहे, ती दोन तर यानेही वेगळी होत नाहीत. तिथे बोरॉनची समस्थानिकं (त्याच मूलद्रव्याचे हलके-जड प्रकार) कामी येतात का?

मुंबईचं भाभा अणुसंशोधन केंद्र किंवा रुरकीची राष्ट्रीय जलविज्ञान संस्था खासगी नमुने घेते का? नमुना गाळून, गोठवूनच पाठवायचा ना? पावसाळ्याआधी घ्यावा की नंतर? कुणी हे स्वतः केलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.